धर्मसुधारणेचा पेपर: शेवटच्या आठवड्यात काय काय करून ठेवायचं

पेपर सोळाव्या शतकातल्या युरोपचा: ल्यूथर नावाच्या जर्मन धर्मगुरूने पोपच्या कॅथलिक चर्चला आव्हान दिलं, त्यातून ख्रिस्ती धर्मात फूट पडली. आधी नकाशा काढा. वहीच्या मागच्या पानावर, हाताने, वेडावाकडा चालेल. त्यात विटेनबर्ग, माइन्झ, वर्म्स, झुरिक, जिनिव्हा, ट्रेंट आणि रोम एवढी सात गावं आली की झालं. 'जर्मनी' म्हणून एक देश तेव्हा नव्हता, पवित्र रोमन साम्राज्यात नुसती संस्थानं होती, हे काढता काढताच डोक्यात बसतं. मग सॅक्सनीच्या फ्रेडरिकने सम्राटाच्या नाकावर टिच्चून ल्यूथरला कसं सांभाळलं, ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

पुढचा अख्खा दिवस क्षमापत्रांना (पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणारी चर्चची पत्रं) द्या. हमखास प्रश्न इथला, आणि उत्तरं पातळ होतात तीही इथेच. 'चर्चमधील भ्रष्टाचार' एवढं लिहून भागत नाही, पैशाचा माग काढा. आल्ब्रेख्तला माइन्झचं आर्चबिशपपद हवं होतं. त्यासाठी रोमला भरायची रक्कम त्याने फुगर सावकारांकडून उचलली. मग त्याच्या मुलखात क्षमापत्रं विकायची परवानगी मिळाली: निम्मी वसुली रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला, निम्मी कर्जफेडीला. टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक ती विकत हिंडत होता. 31 ऑक्टोबर 1517 ला ल्यूथरने आपले 95 मुद्दे पाठवले ते ह्याच आल्ब्रेख्तला. दारावर खिळे ठोकल्याची गोष्ट लिहायचीच असेल तर 'असे म्हटले जाते' जोडा. पत्राबद्दल वाद नाही, खिळ्यांबद्दल आहे. आणि गुटेनबर्गचं गावही माइन्झच, तेव्हा छापखान्याचा मुद्दा इथेच जोडून टाका.

ल्यूथरच्या 1520 च्या तीन पुस्तिका, डिसेंबरात त्याने जाळलेला पोपचा फतवा, जानेवारी 1521 चा त्याच्यावरचा बहिष्कार, एप्रिलमधली सम्राटासमोरची वर्म्सची सभा: हे एका ओळीत ओळीने पाठ.

टिपांसाठी 1529 साल पक्कं करा. स्पायरच्या सभेत ल्यूथरच्या बाजूच्या संस्थानिकांनी निषेध नोंदवला, त्यातून 'प्रोटेस्टंट' हा शब्द आला. त्याच वर्षी मारबुर्गला ल्यूथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले, 15 पैकी 14 कलमांवर जमलं आणि प्रभुभोजनावर (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) फिसकटलं. ह्या एका टिपेवर 'सुधारकांमधील मतभेद' हा मोठा प्रश्नही निभावतो. कॅल्विन ह्या पुढच्या सुधारकासाठी जिनिव्हा आणि पूर्वनियती (कोणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवलेलं) पुरे.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला ल्यूथरचा चेला करू नका. मी केला होता, लाल पेनाचं वर्तुळ अजून आठवतं. 1521 मध्ये ल्यूथरविरुद्ध लिहिल्याबद्दल पोपनेच त्याला 'धर्मरक्षक' किताब दिला होता. राजालाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख करणारा 1534 चा कायदा सत्तेचा आणि वारसाचा मामला.

आता कॅथलिक चर्चचं प्रत्युत्तर: ट्रेंटची धर्मपरिषद 1545 ते 1563, मध्ये मोठे खंड. जेझुइट ह्या कॅथलिक धर्मप्रचारक संघाला मान्यता 1540 ची, आणि 1542 ला त्यांचा फ्रान्सिस झेवियर गोव्यात हजर. इथे आपलं एक उदाहरण खिशात ठेवा: थॉमस स्टीफन्स, इंग्रज कॅथलिक, रोमला जेझुइट झाला, 1579 ला गोव्यात आला, त्याचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' 1616 ला छापलं गेलं.

1555 चा ऑग्सबर्ग तह शेवटी वाचा: ज्याचं राज्य, त्याचा धर्म. पण सवलत फक्त ल्यूथरपंथीयांना, कॅल्विनपंथीयांना नाही. हे समासात पेन्सिलीने लिहून ठेवा, तीस वर्षांच्या युद्धावर प्रश्न आला तर उत्तर तिथूनच सुरू करायचंय.