मागचे पाय गेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी: घरी आणण्यापूर्वीची तयारी

मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आलेल्या कुत्र्याला घरी आणायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष प्रथम गादीकडे जाते. गादी हवीच आणि ती कोणालाही सुचते. परंतु दवाखान्याची पायरी उतरण्याआधी शिकून घ्यायची गोष्ट म्हणजे त्याचे मूत्राशय हाताने दाबून रिकामे करणे. मागच्या खेपेस आमच्याकडे अंथरूण, औषधे, पिंजरा असे सारे सज्ज होते आणि नेमके हेच राहून गेले. अंथरूण ओले दिसे, त्यावरून लघवी होत आहे असे आम्ही धरून चाललो. वस्तुतः मज्जारज्जूला इजा झाली की पुष्कळदा मूत्राशयाचे तोंड आवळलेले राहते, लघवी आत तुंबते आणि काठोकाठ भरल्यावर उचलताना थेंब थेंब गळू लागते. अंथरूण ओले असणे म्हणजे लघवी मोकळी होणे नव्हे. तुंबलेल्या मूत्राशयाची भिंत ताणून सैल पडते, जंतुसंसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो, आणि कमरेखालची जाणीव गेलेल्या कुत्र्याला त्याचे दुखणे कळतही नाही.

म्हणून पशुवैद्यांनी एकदा करून दाखवले एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांच्यासमोर आपण स्वतः करावे आणि घरातील आणखी एका माणसाकडून करवून घ्यावे, कारण लग्नकार्याला वा कामावर जाणे कोणाला चुकत नाही. मागच्या पायांच्या किंचित पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवले की भरलेले मूत्राशय पाण्याच्या फुग्यासारखे हाताला लागते. त्यावर सावकाश, एकसारखा दाब देत मागे सरकायचे. हिसका द्यायचा नाही. धार येत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी पशुवैद्यांना फोन करावा, कारण आवळलेले तोंड सैल करणारी औषधे असतात. हे साधारण सहा ते आठ तासांनी, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा करावे लागते, आणि रात्रीची पाळी टाळता येत नाही. एक वही ठेवून वेळ, अंदाजे प्रमाण, रंग आणि वास लिहीत जावे. लघवी गढूळ, लालसर वा उग्र वासाची झाली की त्याच दिवशी तपासणीला द्यावी.

औषधांविषयी दोन गोष्टी निक्षून सांगायच्या आहेत. घरच्या डब्यातील आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नये. दुसरे असे की स्टेरॉइड आणि सूज उतरवणारी वेदनाशामके एकत्र दिल्यास जठरात व आतड्यात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी काय दिले याची चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्यावाचून नवी गोळी सुरू करू नये. स्टेरॉइड चालू असेल तर कुत्रा पाणी फार पितो आणि मूत्राशयही लवकर भरते. अशा वेळी आठ तास थांबून चालणार नाही.

कुठे जायचे हे अडचण येण्याआधी ठरवून ठेवावे. साध्या एक्स-रेत मणके दिसतात, मज्जारज्जू आणि त्यावरचा दाब दिसत नाही. त्यासाठी एमआरआय किंवा सीटी लागते. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सांगलीहून पेठ नाका, कराड, सातारा आणि पुढे खंबाटकी ओलांडून जावे लागते, म्हणून निघण्यापूर्वी तेथे त्या दिवशी कोणती सोय उपलब्ध आहे हे फोनवर विचारून घ्यावे. कुत्र्याला सपाट फळीवर पट्ट्यांनी स्थिर करून न्यावे आणि इतका लांबचा प्रवास असेल तर निघण्याआधी मूत्राशय रिकामे करावे. घाई कशाची, हेही समजून घ्यावे. मागच्या पायाचे बोट घट्ट चिमटल्यावर पाय नुसता आखडला तर ती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने मान वळवून पाहिले किंवा तो ओरडला तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली असे समजायचे. ही खोल वेदनाही गेली असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय तासांत घ्यायचा असतो, दिवसांत नव्हे. आपल्याकडे अशा वेळी हाडवैद्याचे नाव सुचवणारे शेजारी भेटतातच. चोळणे, ओढणे, कमर जागेवर बसवणे यांपैकी काहीही करू देऊ नये; त्याने सरकलेली चकती आणखी आत रेटली जाऊ शकते.

शस्त्रक्रिया नसेल तर चार ते सहा आठवडे बंदिस्त विश्रांती हाच उपचाराचा कणा असतो. पिंजरा उभे राहून वळता येईल एवढाच असावा, मोठा नको. खरा धोका वेदना कमी झाल्यावर येतो, कारण कुत्र्याला बरे वाटू लागते, तो ओट्यावर उडी घेऊ पाहतो आणि घरच्यांना त्याची दया येते. दया आली तरी पिंजरा उघडू नये. शहाबादी फरशी आणि गुळगुळीत टाइल्स यांवर पाय फाकतात, म्हणून जाण्या-येण्याच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जाड सतरंजी पसरावी. गळ्यातला पट्टा काढून अंगाला हार्नेस घालावा. बाहेर नेताना पोटाखालून टॉवेलची झोळी द्यावी. मात्र झोळीच्या दाबाने जी चार थेंब लघवी होते, तिला लघवी झाली असे मोजू नये.

कूस दर चार तासांनी बदलावी. कमरेखालचे केस कापावेत, ओले झाले की कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. कृष्णाकाठच्या पावसाळी दमटपणात माश्या बसून जखमेत अळ्या पडायला एक दिवस पुरतो, तेव्हा मच्छरदाणी हवी.

पुढच्या टप्प्याचे थोडक्यात: व्यायाम पशुवैद्यांनी सांगितल्यावरच, आधी पाय हलक्या हाताने दुमडणे-ताणणे आणि मग आधार देऊन उभे करणे. वजन वाढू देऊ नये. भात-भाकरी कमी करावी. जिना कायमचा बंद. चाकगाडी घ्यायची असल्यास दुखणे थांबल्यावर माप द्यावे. पाय हलू लागले तरी लघवीवरचा ताबा त्याच दिवशी परत येतो असे नाही; तो स्वतः लघवी करून आल्यानंतर पोटाला हात लावून मूत्राशय खरोखर रिकामे झाले आहे हे पशुवैद्य थांबा म्हणेपर्यंत रोज तपासावे.