बेरीज शंभर येते तेव्हा: टाकाऊ पदार्थांवरच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

टाकाऊ पदार्थांपासून बांधकामाचं साहित्य, धातू किंवा पाणी शुद्ध करणारी माध्यमं बनवण्याच्या संशोधनात स्थापत्य, रसायन, धातुशास्त्र, भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र अशा कुठल्याही शाखेतून मंडळी येतात. बहुतेकांच्या मनात उत्पादन आधीच पक्कं असतं: राखेची वीट, स्लॅगचं, म्हणजे धातू गाळताना उरणाऱ्या मळीचं, सिमेंट, टरफलांचा कोळसा. मी त्यांना पहिल्या बैठकीत एकच विचारते. शंभर किलो आत गेलं, त्यातलं उत्पादनात किती उतरलं आणि उरलेलं कुठे गेलं? उत्तर लगेच येत नाही, यायलाही नको. पण पुढची काही वर्षं हाच प्रश्न वेगवेगळ्या वेशात भेटत राहतो, तेव्हा त्याची ओळख लवकर झालेली बरी.

सुरुवात नमुन्यापासून. सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. ढिगारा हजारो टनांचा असतो आणि एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकी घटक ओळखणाऱ्या यंत्राच्या, होल्डरमध्ये बसते जेमतेम ग्रॅमभर पावडर. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून फावड्याने गोणी भरली की काम झालं असं वाटतं. पण ढिगारा रचताना जाडे कण घरंगळत खाली येतात आणि बारीक वरच अडकतात, त्यामुळे पायथ्याच्या गोणीत ढिगाऱ्याचं खरं रूप येतच नाही. वेगवेगळ्या उंचीवरून, वेगवेगळ्या बाजूंनी थोडं थोडं घ्यावं. त्याहून बरं म्हणजे माल पट्ट्यावरून पडत असतानाच ठरावीक वेळाने घ्यावं. मग ताडपत्रीवर शंकू करायचा, तो दाबून चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढून टाकायचे, आणि उरलेल्याचा पुन्हा शंकू. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्यावर सोपवू नका.

प्येर गी या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९५० च्या दशकापासून या विषयाला गणिताची बैठक दिली. त्याच्या मांडणीतली एक गोष्ट रोजच्या कामाला पुरते: नमुन्यामुळे येणाऱ्या चुकीचा व्हेरियन्स, म्हणजे निकालांच्या विखुरण्याचं माप, कणाच्या आकाराच्या घनाबरोबर वाढतो. म्हणजे कण दुप्पट जाडा असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी आठपट वजनाचा नमुना हवा. म्हणून आधी दळायचं आणि मग वाटायचं. उलटा क्रम धरला तर पुढचं यंत्र कितीही महागडं असो, ते चुकीच्या मुठीचं अचूक उत्तर देतं.

वाळवणं सोपं वाटतं, पण १०५ अंशांचा ओव्हन सगळ्यांना मानवत नाही. नमुन्यात जिप्सम असेल तर या तापमानाला त्याच्या स्फटिकातलं पाणी निघू लागतं आणि तुम्ही तो ओलावा समजून मोजता. अशा मालाला चाळीसेक अंश आणि भरपूर सबुरी.

आता रासायनिक पृथक्करण. एक्सआरएफचा, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट हातात आला की सिलिका, ॲल्युमिना, लोह, चुना अशी यादी दिसते आणि खाली बेरीज: १००.००. नवख्याला हा आकडा बघून हायसं वाटतं. मला शंका येते. एक्सआरएफ मूलद्रव्यं मोजतं, ती ऑक्साइडच्या रूपात लिहिणं हा फक्त रिवाज. सिलिका ६० टक्के लिहिलं म्हणजे नमुन्यात ६० टक्के क्वार्ट्झ आहे असं नव्हे. शिवाय कार्बन, हायड्रोजन, लिथियम यांसारखी हलकी मूलद्रव्यं नेहमीच्या एक्सआरएफला धड दिसत नाहीत. मग बेरीज बरोबर शंभर कशी? सॉफ्टवेअरने ओढूनताणून आणलेली असते. आमच्याकडे यंत्र चालवणारे तंत्रज्ञ आता न विचारता पुढे जात नाहीत: "मॅडम, टोटल ९१ येतीये, नॉर्मलाइज करून देऊ का?" "नको, तशीच द्या." त्या नऊ टक्क्यांतच बऱ्याचदा कामाची माहिती असते.

ते नऊ टक्के शोधायला पहिली चाचणी म्हणजे लॉस ऑन इग्निशन, सगळ्यांच्या तोंडी एलओआय. रिकामी क्रुसिबल, म्हणजे उष्णता सोसणारी वाटी, आधी भट्टीत तापवून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून तिचं वजन. मग वाळवलेला नमुना घालून वजन. भट्टीत साधारण ९५० अंशांना ठेवायची, पुन्हा डेसिकेटर, पुन्हा वजन, आणि दोन वजनं जुळेपर्यंत हेच. गरम क्रुसिबल काट्यावर ठेवली तर वर चढणारी हवा तिला उचलते आणि वजन कमी भरतं, म्हणून घाई नको. राखेच्या बाबतीत या घटीला सरसकट न जळलेला कार्बन म्हणतात. पण चुनखडीचा अंश असेल तर त्यातला कार्बन डायऑक्साइडही याच तापमानाला निघून जातो. आणि पोलादाच्या काही स्लॅगमध्ये तर एलओआय उणे येतो, म्हणजे तापवल्यावर वजन वाढतं! काटा बिघडलेला नसतो. नमुन्यातलं धातुरूप किंवा फेरस लोह हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. घट आणि वाढ एकाच वेळी चालू असते, तुम्हाला दिसते ती वजाबाकी. थर्मोग्रॅव्हिमेट्री करून, म्हणजे तापमान चढवत सतत वजन मोजून, कोणत्या तापमानाला किती गेलं हे पाहिलं की गुंता सुटायला लागतो.

एक्सआरडीतही बेरजेची हीच गंमत आहे, आणि तिथे तर ती जास्त महागात पडते. ह्यूगो रिटवेल्डने १९६९ मध्ये सविस्तर मांडलेली रिटवेल्ड पद्धत स्फटिकी घटकांची टक्केवारी काढून देते. क्वार्ट्झ इतकं, म्युलाइट इतकं, हेमाटाइट इतकं, बेरीज शंभर. पण फ्लाय ॲशचा, म्हणजे वीजकेंद्रातल्या कोळशाच्या बारीक राखेचा, मोठा भाग काचेसारखा, अस्फटिकी असतो आणि अभिक्रिया करतो तोही तोच. क्वार्ट्झ आणि म्युलाइट बहुतांशी नुसते बसून राहतात. म्हणजे जो भाग सिमेंटचं काम करणार तोच रिपोर्टात नाही.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. नमुन्यात मुळात नसलेला एक स्फटिकी पदार्थ, समजा झिंक ऑक्साइड, मोजून १० टक्के मिसळायचा. विश्लेषणात तो २५ टक्के दिसला तर अर्थ सरळ आहे: यंत्राला मिश्रणाचा ४० टक्के भागच दिसतोय, कारण १० भागिले २५ म्हणजे ०.४. उरलेले ६० टक्के अस्फटिकी. आणि ते ६० मूळ राखेच्या ९० टक्क्यांत आहेत, म्हणजे राखेचा जवळपास ६७ टक्के भाग काच. हे गणित एकदा स्वतः हाताने करा. नंतर कुठलाही पेपर वाचताना 'इंटरनल स्टँडर्ड' हे शब्द आधी शोधाल.

विटा, ठोकळे, जिओपॉलिमर (राखेसारखा माल अल्कलीने घट्ट करून केलेलं सिमेंटसारखं साहित्य) बनवणाऱ्यांचा सगळा जीव कम्प्रेसिव्ह स्ट्रेंथमध्ये, म्हणजे दाब सोसण्याच्या ताकदीत, अडकलेला असतो. ठोकळा प्रेसखाली जातो, आकडा येतो, आलेख चढतो. तो भाग मी इथे सोडून देते, कारण तो कुणीही शिकवेल. पाण्यात काय झिरपतं हे मात्र उशिरा आठवतं. अल्कलीने घट्ट केलेल्या साहित्यात शिशासारखे धातू बऱ्यापैकी बांधले जातात. आर्सेनिक, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम यांची गोष्ट वेगळी. ते ऋणभारित ऑक्सिआयनच्या रूपात फिरतात आणि अल्कधर्मी पाण्यात उलट मोकळे सुटतात. हंगेरीत अयका इथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी ॲल्युमिना कारखान्याच्या रेड मडचा, म्हणजे बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या लाल गाळाचा, बांध फुटला. दहा माणसं गेली, आणि वाहून गेलेल्या द्रवाचा पीएच १३ च्या आसपास होता. पुढे त्या पाण्यात सापडलेल्या मूलद्रव्यांत हीच त्रयी ठळक होती. एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन रेड मड निघतो, त्यामुळे या मालावर काम करायला दरवर्षी नवे विद्यार्थी पुढे येतात. येऊ देत. फक्त पहिल्या आठवड्यात पीएच मीटर हाती घ्यावं.

टीसीएलपी ही झिरप तपासण्याची अमेरिकी चाचणी, पद्धत क्रमांक १३११, सगळीकडे सर्रास वापरली जाते. एकास वीस प्रमाण, ॲसेटिक आम्ल, १८ तास फिरवणं. ती कचऱ्याच्या भरावात टाकलेला माल काय सोडेल हे तपासायला बनवलेली आहे. तुमची वीट भिंतीत बसणार असेल, तर आम्लात चुरा फिरवून 'पास' झालेला निकाल पावसात उभ्या भिंतीबद्दल फारसं बोलत नाही. पीएच २ पासून १३ पर्यंत बदलत झिरप मोजणारी १३१३ आणि अख्ख्या ठोकळ्यावर करायची १३१५ या पद्धती जास्त काम देतात, पण त्यांना वेळ आणि बाटल्या भरपूर लागतात. गाइड म्हणाले, "टीसीएलपी पुरेल," तर वाद घालू नका. नमुना राखून ठेवा आणि सवडीने १३१३ करून दाखवा.

पाणी शुद्ध करण्याच्या शाखेत जाणाऱ्यांना आणखी सावध करते. अधिशोषणाचे, म्हणजे ॲडसॉर्प्शनचे, प्रयोग झटपट होतात आणि पेपरही झटपट निघतात, म्हणून गर्दीही तिथेच. राखेत शिशाचं द्रावण हलवलं, ९९ टक्के शिसं गेलं. कुठे गेलं? राख अल्कधर्मी, तिने पीएच चढवला आणि शिसं हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसलं, असंही असू शकतं. राख न घालता तोच पीएच ठेवलेली एक बाटली शेजारी हवीच. शिवाय पीएच न बदलता नुसतं द्रावण भरलेली एक बाटली, कारण प्लास्टिकच्या भिंतीलाही धातू चिकटतो.

दुसरं म्हणजे एकाग्रता. लिटरला १०० मिलिग्रॅम आर्सेनिकच्या द्रावणात मिळालेली ग्रॅममागे मिलिग्रॅमची क्षमता गोंडस दिसते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्या द्रावणाच्या दहा हजारावा भाग. खऱ्या भूजलात फॉस्फेट आणि सिलिकेट त्याच जागांसाठी भांडत असतात. तुमचं माध्यम तिथे काय करतं, ते सांगा. आणि अधिशोषणाचा वेग मांडणाऱ्या 'स्यूडो-सेकंड-ऑर्डर' समीकरणाचा सरळ रेषेचा आलेख ०.९९९ चा आर-स्क्वेअर देतो म्हणून हुरळून जाऊ नका. त्या आलेखात वेळ दोन्ही अक्षांवर बसलेली असते, रेषा सरळ येणारच. फिटिंग मूळ आकड्यांवर, नॉन-लिनियर करा. शेवटी, भरलेल्या माध्यमाचं काय करणार? पाण्यातून काढलेलं आर्सेनिक आता पोत्यात आहे, एवढंच झालं.

जीवनचक्र मूल्यांकन, एलसीए, म्हणजे वस्तूचा कच्च्या मालापासून शेवटापर्यंतचा पर्यावरणावरचा भार मोजणं, हल्ली प्रत्येक प्रस्तावात लागतं. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही त्याची मानकं स्वतः वाचा. सॉफ्टवेअर शिकणं त्यानंतर. सिमेंटवर टीका सोपी आहे: १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट भाजलं की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधन कितीही हिरवं वापरा. पण जिओपॉलिमरमध्ये घालायचं सोडियम सिलिकेट बनवायलाही वाळू आणि सोडा ॲश हजार अंशांच्या वर वितळवावे लागतात, आणि सोडा ॲशही आपला कार्बन डायऑक्साइड सोडतो. राखेला 'टाकाऊ, म्हणून भार शून्य' असं लिहून सगळं छान दाखवता येतं. ज्या दिवशी ती विकली जाऊ लागते त्या दिवशी ते शून्य वादात सापडतं. तुलना घनमीटरला घनमीटर करायची की समान ताकदीला, हेही आधी ठरवा. निकाल त्यानेच उलटतात.

गाइड निवडताना विषयापेक्षा दोन गोष्टी पाहा. एक, यंत्रांपर्यंत तुमचा हात पोचतो का, की नमुने बाहेर पाठवून महिनोन्महिने वाट पाहायची. दोन, कारखान्याशी करार असेल तर त्यात वाईट निकाल छापायची मुभा आहे का. हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. तिथले सिनिअर विद्यार्थी चहावर लगेच खरं सांगतात.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात. सिमेंट आणि पोलाद कंपन्यांचे संशोधन विभाग, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून धातू काढणारे उद्योग, पर्यावरण सल्लागार, एलसीए करणाऱ्या संस्था, नियामक मंडळं. ॲल्युमिनियमसारख्या धातूत पुनर्वापराला नव्या धातूच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते, त्यामुळे अशा ठिकाणी माणसं लागत राहणार. मुलाखतीत तुमच्या सर्वोत्तम ठोकळ्याची ताकद कुणी फारसं विचारत नाही. समोर कागद सरकवतात आणि म्हणतात, तुमच्या प्रक्रियेचा वस्तुमान ताळेबंद काढून दाखवा: आत किती, बाहेर किती, कुठल्या प्रवाहात. ज्याने प्रत्येक गाळणी कागद वाळवून तोलला आहे, धुण्याचं पाणी मोजून ठेवलं आहे, त्याला तो कागद पाच मिनिटांत भरता येतो. ताळेबंद ९४ टक्क्यांवर थांबला तर ९४ लिहा आणि उरलेले सहा बहुधा कुठे असतील ते सांगा. समोरचा माणूस कारखान्यात काम केलेला असेल तर पुढचे सगळे प्रश्न त्या सहावरच येतील.

आणि मूळ नमुन्यातला किलोभर तरी हवाबंद डब्यात, तारीख, जागा आणि कोणत्या उंचीवरून घेतला हे लिहून ठेवून द्या. परीक्षक पुन्हा चाचणी मागतील तोवर तो ढिगारा तिथे नसेल.