अंगावरून पांढरं जातं? काय बघायचं, दवाखान्यात केव्हा जायचं

अंगावरून पांढरं जाणं हा बहुतेक वेळा आजार नसतो. योनीतले उपयोगी जिवाणू आम्ल तयार करून रोगजंतूंना दूर ठेवतात, आणि स्रावाबरोबर आतली सफाई आपोआप होते. तरी कापूस वेचून कंबर धरत घरी आलेली बाई म्हणते, "पांढरं जातं, हाडं झिजली माझी." हाडं यानं झिजत नाहीत. थकव्यामागे पुष्कळदा कमी झालेलं रक्त आणि दिवसभराचं वाकणं असतं. हिमोग्लोबिन तपासा, नंदुरबारकडच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी करून घ्या.

आधी आपली नेहमीची तऱ्हा ओळखा. पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी स्राव पारदर्शक, बुळबुळीत, तार धरणारा असतो. पाळी जवळ आली की घट्ट आणि पांढुरका होतो. गरोदरपणी वाढतो. कपड्यावर वाळून पिवळसर डाग पडला तर घाबरू नका.

मग बदल बघा. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास असेल तर जिवाणूंचा समतोल बिघडलेला असू शकतो. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवी जंतूचा असू शकतो. तो संबंधातून पसरतो, म्हणून नवऱ्यानंही औषध घ्यायलाच हवं. घोडं अडतं ते इथेच: बाई गोळ्या संपवते, नवरा दवाखान्याची पायरी चढत नाही आणि त्रास परत येतो.

नुसतं बघून निदान पक्कं होत नाही. मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणू नका. काहींत स्टिरॉइड असतं, खाज दबते आणि बुरशी वाढते. साबण किंवा जंतुनाशक आत घालू नका, बाहेरून साधं पाणी पुरे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांला टेकतो. तेव्हा सुती कपडे वापरा आणि घामानं भिजले की बदला.

खालच्या पोटात दुखून ताप आला, घाण वासाचा किंवा रक्तमिश्रित स्राव गेला, संबंधानंतर रक्त दिसलं, तर थांबू नका. गरोदरपणी पाण्यासारखं जाऊ लागलं तर त्याच क्षणी निघा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर डाग दिसला तर "पाळी परत आली" म्हणून सोडून देऊ नका. कर्करोग नाही ना, हे तपासावंच लागतं. तिशीनंतर त्रास नसला तरी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाता येतं. लाज वाटत असेल तर आशाताईंना सोबत न्या. डॉक्टर पुरुष असतील तर तपासताना नर्सताई हव्यात असं सांगा, तो तुमचा हक्क आहे. शेवटच्या पाळीची तारीख, तांबी बसवली असल्यास ती, चालू गोळ्या आणि त्रास कधीपासून हे कागदावर लिहून न्या. जायच्या दिवशी आतून धुऊ नका, नाहीतर तपासायला नमुना नीट मिळत नाही.