कमी उजेडात छोट्या कॅमेऱ्याने स्वच्छ फोटो कसे काढावेत

खोलीत रात्री काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसतो. तोच संगणकावर मोठा करून पाहिला की सावल्यांत लाल-हिरवे ठिपके दिसतात आणि चेहऱ्यावर दाणे. हा नॉईज. बहुतेक जण त्याचे खापर आयएसओवर (कॅमेरा प्रकाशाची नोंद किती मोठी करतो ते ठरवणाऱ्या आकड्यावर) फोडतात, पण खरे कारण असते सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पडलेला अपुरा प्रकाश. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या कणांच्या संख्येत आपोआप चढउतार होत असतो. एका पिक्सेलवर १०,००० कण पडले तर चढउतार साधारण १०० कणांचा, म्हणजे १ टक्का. फक्त १०० कण पडले तर तो १० कणांचा, म्हणजे थेट १० टक्के. आयएसओ वाढवल्याने ही तुटपुंजी नोंद मोठी होते, आणि तिच्यासोबत चढउतारही.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात हा प्रश्न जास्त जाचतो, कारण त्यातल्या १/२.३ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर असते. मोठ्या कॅमेऱ्यांतल्या फुल फ्रेम सेन्सरचे ८६४. म्हणून पुढच्या सगळ्या खटपटीचा हेतू एकच: मिळेल तेवढा प्रकाश आत घ्यायचा, आयएसओला शेवटी हात लावायचा.

१. झूम मागे घ्या

सर्वात मोठा फायदा इथे आहे आणि नेमके इकडेच दुर्लक्ष होते. झूम वाढवला की छोट्या लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, लहान होत जाते. एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. वाइडला (झूम अजिबात नसताना) एफ/३.३ असलेली लेन्स पूर्ण झूमला एफ/६.३ वर आली, तर प्रकाश जवळपास पाव उरतो. शिवाय झूममध्ये हात हललेला जास्त जाणवतो, त्यामुळे शटरही (प्रकाश आत सोडणारा पडदा) जलद ठेवावे लागते. दुहेरी तोटा. शक्य असेल तिथे झूम न करता चार पावले पुढे जा.

२. शटर जितका वेळ उघडा ठेवता येईल तितका ठेवा

विषय स्थिर आहे की हलता, हे आधी ठरवा. इमारत किंवा रिकामी खोली असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर, नाहीतर टेबलावर टेकवा, २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावा आणि सर्वात कमी आयएसओवर एक-दोन सेकंदांचे एक्स्पोजर द्या. अगदी स्वस्तातला कॅमेराही अशा वेळी चकित करणारा फोटो देतो.

हातात धरून काढताना कोपरे अंगाशी घट्ट धरा, भिंतीला टेका. स्टॅबिलायझेशन असेल तर वाइडला १/१० सेकंदापर्यंत जाऊन पाहायला हरकत नाही. पण स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताची थरथर सावरते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. शांत बसलेल्या माणसाला १/६० लागतो, खेळणाऱ्या मुलाला १/२५० तरी हवा.

३. आता आयएसओ

ऑटो आयएसओला कमाल मर्यादा घालून ठेवा. ती किती असावी हे दुसऱ्याला विचारू नका. कॅमेरा टेकवून एकाच दृश्याचे फोटो १००, २००, ४०० असे ३२०० पर्यंत काढा आणि तुम्ही फोटो ज्या आकारात वापरता त्याच आकारात पाहा. १०० टक्के मोठे करून पाहिले तर प्रत्येक कॅमेरा नापास होईल. फोटो लहान केला की शेजारचे पिक्सेल एकत्र येतात आणि दाणे विरतात.

मात्र मर्यादेपायी फोटो काळवंडू देऊ नका. कमी आयएसओवर अंधारा काढून नंतर उजळलेला फोटो बहुधा जास्त दाणेदार दिसतो. दाणेदार फोटो चालवून घेता येतो, हललेला नाही. त्यामुळे दोन्हींपैकी एक निवडायची वेळ आली तर आयएसओ बेधडक वाढवा.

४. सफाई कॅमेऱ्यावर सोपवू नका

नॉईज रिडक्शन जोरात असेल तर केस, कापडाचा पोत, त्वचेवरचे बारकावे सगळे पुसले जाते आणि चेहरा मेणाचा वाटू लागतो. मला दाण्यांपेक्षा हे फार वाईट वाटते. सेटिंग कमीवर ठेवा. रॉ फाइलची (कॅमेऱ्याने सफाई न केलेल्या मूळ नोंदीची) सोय असेल तर ती वापरा, आणि संगणकावर रंगीत ठिपके निःसंकोच घालवा. काळे-पांढरे दाणे थोडे राहू द्या.

काही कॅमेऱ्यांत लागोपाठ अनेक फोटो काढून ते एकत्र करणारा रात्रीचा मोड असतो. चार फोटोंची सरासरी घेतली की दाणे निम्म्यावर येतात. स्थिर दृश्याला हा मोड उत्तम, हलत्या माणसांना नाही.

फ्लॅशची पोच काही मीटरच. दूरच्या रंगमंचासाठी तो बंद ठेवा.

एक-दोन सेकंदांहून मोठे एक्स्पोजर दिले की बरेच कॅमेरे तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरा, काळा फोटो घेतात आणि चमकणारे बिघडलेले पिक्सेल त्यावरून वजा करतात. पडद्यावर काही हालचाल दिसली नाही तरी तेवढा वेळ कॅमेरा बंद करू नका.