कॉकाटीलचे आवाज कसे ओळखावेत

"पिंजऱ्यावर चादर टाका, गप्प बसेल." कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, पाळणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. मला तो पक्षी विकणाऱ्यानेच दिला. त्याने ‘कॉकटेल’ म्हणून विकला, नर म्हणून विकला, निघाली मादी. तोवर नाव बंड्या ठेवून झालं होतं, ते तसंच राहिलं. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या घरात बंड्या नऊ वर्षं आहे, पुढे तिच्या जोडीला शंभू आला. या दोघांच्या आवाजांवरून मी शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली आहेत, म्हणून चादरीचा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं.

पिंजरा, खाणं, पाणी, जागा हे तुम्ही बघितलेलं आहे असं धरून चालतो. थेट आवाजांकडे येऊ.

पहिले पंधरा दिवस वहीत लिहा. चार रकाने पुरतात: वेळ, आवाज कसा, तुरा कसा, आणि त्या क्षणी घरात काय चाललं होतं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तोच लोक लिहीत नाहीत.

आवाजाआधी तुरा बघा. ताठ उभा तुरा म्हणजे पक्षी दचकलाय किंवा कशाने तरी चाळवलाय. अर्धवट उचललेला, सैल तुरा म्हणजे निवांत. डोक्याला चापून बसलेला तुरा आणि सोबत सापासारखा ‘फिस्स’ म्हणजे हात मागे घ्या, पुढची पायरी चाव्याची आहे. त्याच क्षणी "अरे मी आहे ना" म्हणत बोट पुढे करणारे पाहुणे आमच्याकडे दर दिवाळीत येतात आणि बोटाला हळद लावून जातात.

सोपे आवाज पटकन उरकू. झोपेच्या आधी चोच चोचीवर घासल्याचा करकर आवाज: खूश आहे, छेडू नका. एकटं बसून हळू आवाजातली चिवचिव: गप्पा मारतोय, उत्तर दिलं तर बरं. पिल्लाची घरघरीत, एकसुरी मागणी: भूक. लांबलचक शीळ, त्यात सूर जोडलेले, पंख खांद्यापासून थोडे उचललेले, चोचीने पिंजऱ्यावर टकटक: वयात आलेला नर, आणि तुम्ही, आरसा किंवा स्टीलचं भांडं यांपैकी कुणावर तरी त्याचं मन बसलंय. माद्या सहसा इतक्या गात नाहीत. सहा-आठ महिन्यांची होऊनही बंड्या शीळ घालेना तेव्हाच मला संशय यायला हवा होता. शंभू कुकरची शिट्टी हुबेहूब काढतो आणि घंटागाडीच्या गाण्याची सुरुवात अर्धवटच. बाकीचं गाणं त्याला नऊ जन्मांत यायचं नाही.

एकच आखूड, टोकदार किंचाळी, अंग काठीसारखं बारीक, तुरा ताठ: धोक्याचा इशारा. गॅलरीबाहेर बघा, घार किंवा मांजर सापडेल.

आता अवघड पायरी: हजेरीची हाक. एकच कर्कश हाक, दर दोन-चार सेकंदांनी, तुम्ही नजरेआड झालात की सुरू. सगळे हिला ‘ओरडणं’ म्हणतात, मीही म्हणायचो. मी सकाळी दूध आणायला उतरलो की दुसऱ्या मजल्यावरचा बंड्याचा आवाज माझ्याआधी पार्किंगमध्ये पोचलेला असायचा. खालच्या काकूंनी एकदा हात जोडले.

मी काय काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही करणार नाही. आधी स्वयंपाकघरातून ओरडलो, "गप गं!" तिच्या दृष्टीने ते उत्तर होतं. तिने हाक मारली, माणसाने ओ दिली, काम झालं. मग चादर. तीन दिवस शांतता, मी खूश. चौथ्या दिवशी चादर हातात बघितली तरी ती फिस्स करायला लागली, आणि रात्री पिंजरा झाकायचीही पंचाईत झाली. शेवटी दया येऊन ओरडली की राळ्याचं कणीस द्यायला लागलो. ‘ओरडलं की कणीस’ हा धडा तिने एका दुपारीत पाठ केला.

उलगडा वहीत झाला. चौदा नोंदींपैकी अकरा वेळा कुणीतरी नुकतंच खोलीबाहेर गेलेलं. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. तिथे थवे पाण्याच्या आणि बियांच्या शोधात हिंडतात, आणि थव्यातून सुटलेला पक्षी शिकारी पक्ष्याच्या तावडीत सापडतो. म्हणून सतत हाकारा: कोण कुठे आहे, सगळे आहेत ना? तुमच्या दोन खोल्यांत थवा म्हणजे तुम्ही. ती हजेरी घेतेय आणि तुम्ही ‘उपस्थित’ म्हणत नाही, म्हणून आवाज चढत जातो.

तेव्हा ओ द्या, पण किंचाळी व्हायच्या आत. एक साधी दोन सुरांची शीळ ठरवा. खोलीबाहेर पडताना ती घाला. आतून पहिली मऊ हाक आली की लगेच परत घाला, भाजी चिरत असाल तरी. आणि हाक किंचाळीवर गेलीच, तर मात्र उत्तर नाही, बघणं नाही, खोलीत जाणं नाही. श्वास घ्यायला ती तीन सेकंद थांबेल. तेवढ्यात शीळ घाला आणि तोंड दाखवा. तीन सेकंद जमले की पाच, मग दहा. कणीस द्यायचं ते याच शांततेला.

पहिल्या आठवड्यात आवाज वाढेल. चांगलाच वाढेल. आजवर चालत आलेली युक्ती चालेना म्हटल्यावर ती दुप्पट जोर लावून बघणारच. बहुतेक जण इथेच हरतात: वीस मिनिटं दम धरतात आणि एकविसाव्या मिनिटाला "घे बाई" म्हणून जातात. म्हणजे काय शिकवलं? वीस मिनिटं ओरडायचं. त्यापेक्षा सुरुवातच न केलेली बरी. माझ्या घरात आई फितूर होती. "बिचारी रडतेय" म्हणत मागच्या दाराने बिस्किटाचा तुकडा. तिला वहीतली पानं दाखवली तेव्हा कुठे ती आमच्या बाजूने आली. त्यानंतर तीन आठवडे लागले. खालच्या जिन्यावर शीळ घातली की आता वरून एक मऊ ‘व्हीट’ येतं, आणि मी दूध घेऊन येईपर्यंत शांत.

पूर्ण शांतता मिळणार नाही. उजाडताना आणि दिवेलागणीला पंधरा-वीस मिनिटं गलबला होणारच. तो ज्यांना चालत नाही त्यांनी मासे पाळावेत. बरोबरीला दुसरा पक्षी आणला की पहिला गप्प होतो, हाही सल्ला मला देऊ नका. मी आणला. आता दोघे हजेरी घेतात.

रात्रीची धडपड. अंधारात अचानक पंखांची फडफड, पिंजऱ्यावर आपटणं, घाबरी किंचाळी. कॉकाटील यासाठी प्रसिद्ध आहे. गच्चीवरचं मांजर, लग्नाच्या वरातीतले फटाके, काहीही पुरतं. झिरोचा दिवा रात्रभर लावून ठेवा. फडफड झाली तर लगेच हात घालू नका. मोठा दिवा लावा, हळू बोला, शांत झाल्यावर पंखांतून रक्त येतंय का तेवढं बघा. देवळालीकडून येणारे तोफांच्या सरावाचे धमाके आपल्या कानांना सवयीचे, नव्या पक्ष्याला नाहीत. त्या दिवशी पिंजरा खिडकीपासून आत घ्या.

जे आवाज ऐकून थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. श्वासाबरोबर टिकटिक किंवा शिट्टीसारखा बारीक आवाज, दर श्वासाला शेपूट खालीवर, चोच उघडी, आवाज बसलेला. किंवा बडबड्या पक्षी दिवसभर फुगून गप्प. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी फुगून बसणं समजू शकतो, पण ऊन आल्यावरही तसाच असेल तर ती थंडी नाही. मादी पिंजऱ्याच्या तळाशी बसून जोर करत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, आणि अंडं घालायला तिला नर लागत नाही. अशा वेळी ब्रँडीचा थेंब, हळदीचं पाणी वगैरे प्रयोग कृपा करून नकोत. पिंजरा देवघराशेजारी असेल तर आजच हलवा, धुपाचा आणि उदबत्तीचा धूर या फुप्फुसांना सोसत नाही. रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा तर त्याहून वाईट, त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

डॉक्टर पक्ष्यांना तपासणारा आहे का ते आधी फोन करून विचारा. आणि निघण्यापूर्वी घरीच त्या श्वासाचा, आवाजासकट, मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. आजार लपवणं या पक्ष्यांच्या रक्तातच आहे. दवाखान्याच्या टेबलावर ठेवल्याबरोबर बंड्या अंग चोरून, तुरा उभारून अशी काही ऐटीत बसली, की डॉक्टरांनी मलाच विचारलं, "हिला नेमकं काय होतंय?"