डिकोडरच्या वायरिंगचं सामान संभाजीनगरात कसं जमवायचं

डिकोडर म्हणजे मॉडेल रेल्वेच्या इंजिनात बसणारं, मोटर आणि दिवे चालवणारं छोटं सर्किट. ते ज्यात बसतं ते इंजिनातलं सॉकेट आधी बघा. एचओ मापाच्या (1:87) इंजिनात बऱ्याचदा 8 पिनांचं असतं, दोन पिनांमधलं अंतर 2.54 मिमी. दुकानात गेलात की तुमच्या हातात बर्ग स्ट्रिप (पिनांची साधी पट्टी) ठेवतील. ती घेऊ नका. तिची चौकोनी पिन 0.64 मिमीची, सॉकेटला गोल 0.5 मिमीची लागते. जाड पिन घुसवली की आतली पत्ती फाकते आणि मग खरा डिकोडरही सैल बसतो. आयसीच्या गोल पिनांची स्ट्रिप मागा. ती मिळाली नाही तर ऑनलाइनच मागवा. काही इंजिनांत 9 पिनांचा जेएसटी प्लग लागतो, तो 1.5 मिमी अंतराचा असतो, तोही ऑनलाइनच मागवा.

बाकी सामान पैठण गेटला मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे विचारा: सोनेरी हीट टेप, बारीक सोल्डर, फ्लक्स. वायर 30 गेजची, मल्टिस्ट्रँड. एकेरी तारेची दोन-चारदा वाकली की तुटते. हीट श्रिंक 1.5 मिमी, एलईडीसाठी 1 किलोओहमचे रेझिस्टर. पाच-दहा जास्तच घ्या, हरवतात.

रंग ठरलेले आहेत: लाल-काळी रुळाकडे, नारिंगी-करडी मोटरला, निळी दिव्यांची कॉमन, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा.

डिकोडर लावण्याआधी, सॉकेटमधला डमी प्लग काढून, मोटरच्या दोन्ही टोकांपासून चाकांपर्यंत मल्टिमीटर लावा. बीप वाजला तर मोटर चेसिसला (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला) टेकलीय. तसंच चालवलं तर डिकोडर जळालाच समजा. 8 पिनांचा प्लग उलटा बसला तर मात्र घाबरू नका, गाडी चालते, फक्त दिवे लागत नाहीत. फिरवून लावा.