ओपनिंग बुक वापरताना या चुका टाळा

बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन, पहिल्या दहा-पंधरा चाली क्षणार्धात खेळते तेव्हा ते विचार करत नसते, तर ग्रँडमास्टरांच्या डावांतून आधीच भरून ठेवलेल्या चाली वाचत असते; या साठ्यालाच ओपनिंग बुक म्हणतात. बुकातील चाल इंजिनाच्या हिशेबाची समजणे ही पहिली चूक, आणि ती जाणकारांकडूनही होते.

न्यूयॉर्कमधील 11 मे 1997 चा डाव पाहा. कारो-कान बचाव या सुरुवातीत तेव्हाचे विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह यांनी सातवी चाल एच6 (म्हणजे त्या घरात प्यादे) खेळून आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाच्या घोड्यावर प्यादे घातले, आणि यंत्राने घोडा मागे न नेता ई6 वरचे प्यादे मारून घोड्याचाच बळी दिला. मोबदला लगेच पदरात पडत नसल्यामुळे त्या काळचे इंजिन स्वतःहून असा बळी सहसा देत नसे. परंतु ही चाल बुकातच होती, आणि ते बुक जोएल बेंजामिन यांच्यासारख्या ग्रँडमास्टरांनी हाताने घडवले होते. डाव 19 चालींत संपला व सामना 3.5–2.5 असा यंत्राने जिंकला. पुढचा हल्ला यंत्राने चालवला हे खरे, पण त्या एका चालीचे श्रेय माणसांचेच आहे.

याच्या उलट चूक म्हणजे, बुकाबाहेर काढले की इंजिन आंधळे होते, असे मानणे. त्याच सामन्याच्या तिसऱ्या डावात कास्पारोव्ह यांनी पहिलीच चाल डी3 ही क्वचित दिसणारी खेळली. डाव बरोबरीत सुटला. अशा चालीने यंत्राचे पाठांतर निरुपयोगी ठरते, तशी खेळाडूची स्वतःची तयारीही वाया जाते, आणि हा सौदा मला कधीच फायद्याचा वाटला नाही. 2006 मध्ये बॉन येथे निराळा उपाय योजला गेला: डीप फ्रिट्झ हे इंजिन बुकातून खेळत असेपर्यंत त्याच्या बुकाची माहिती प्रतिस्पर्धी विश्वविजेते व्लादिमिर क्रामनिक यांना पडद्यावर दिसत असे. तरीही सामना 4–2 असा यंत्रानेच जिंकला.

घरी बुक तयार करताना चालीपुढे दिसणाऱ्या विजयाच्या टक्केवारीवर विसंबू नका. डाव किती, खेळाडूंचे मानांकन काय आणि त्या चालीचे खंडन, म्हणजे ती चूक ठरवणारे उत्तर, कोणत्या वर्षी सापडले, हे त्या आकड्यात दिसत नाही. जलदगती डावांतील घोडचुकाही त्यातच मिसळलेल्या असतात. बुक संपताक्षणी इंजिन स्वतःची स्थिती वाईट दाखवू लागले, तर दोष इंजिनाचा नसून बुकातील त्या शाखेचा, म्हणजे चालींच्या त्या मालिकेचा असतो. ती शाखा काढून टाका, तिचे वजन (ती निवडली जाण्याची शक्यता) कमी करा किंवा बुकाची खोली (किती चालींपर्यंत ते वापरायचे) मर्यादित ठेवा. सध्याच्या स्टॉकफिश या इंजिनमध्ये स्वतःचे बुक नसते, म्हणून बुकाची सेटिंग ज्या प्रोग्रॅममध्ये ते चालवता तिथेच तपासावी. दोन इंजिनांची ताकद तोलायची असेल, तर दोघांची बुके बंद करून ठरावीक सुरुवातीच्या स्थिती द्याव्यात आणि प्रत्येक स्थिती रंग बदलून दोनदा खेळवावी.